अंगावर चरबी नाही, तरी शुगर आली कुठून?

परवा रात्री साडेनऊला धाकट्या नणंदेचा फोन आला, नाशिकहून, आणि तिच्या "वहिनी" म्हणण्यावरूनच कळलं की ही रडतेय. सव्विसावा आठवडा चालू आहे तिचा. सकाळी ते ग्लुकोजचं पाणी प्यायला लावलं होतं, दोन तासांनी रक्त घेतलं, रिपोर्ट आला १५१. डॉक्टर म्हणाल्या शुगर आहे, डाएट सुरू करू, आठ दिवसांनी परत बघू. आणि ही मला विचारतेय, "वहिनी, माझं वजन दिवस राहिले तेव्हा ५१ किलो होतं, माझ्या अंगावर चरबी आहे कुठे? जाऊबाई ८० किलोच्या, त्यांना दोन्ही वेळेस काही नाही, मग मलाच कशी?"

तासभर बोललो. पण फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून आज लिहायला बसलेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी पण. कारण सात वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन बसले होते. पुण्यातल्या एका लॅबमध्ये, हातात प्लॅस्टिकचा ग्लास, त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज कालवलेलं, वर अर्धं लिंबू पिळलेलं कारण नाहीतर घशाखाली उतरत नाही, आणि समोर भिंतीवर गोऱ्या गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर. माझा आकडा १६८ आला होता. घरी आल्यावर सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या ते "अगं पण तू गोड खातेस कुठे?" आणि आईने फोनवर विचारलं, "आंबे किती खाल्लेस गं?" दोघींचा काही वाईट हेतू नव्हता, पण मला मात्र रात्रभर तो एकेक आंबा आठवत राहिला. मे महिना होता, खाल्ले होते मी. आणि मला खरंच वाटत होतं की मी माझ्या बाळाला काहीतरी केलंय.

म्हणून आधी हेच सांगते. आंब्याने आकडा वर जातो, पण आंब्याने हा आजार होत नाही. त्याची मुळं खोल आहेत, काही तर तुझ्या आईच्या बाळंतपणापर्यंत गेलेली असतात.

आपण चरबी म्हटलं की काय समजतो? नुसता साठा. जुन्या घरात धान्याची कणगी असायची तशी, भरली की भरली, लागेल तसं काढायचं. डॉक्टर लोकही बरीच वर्षं असंच समजत होते. पण १९४९ साली अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत उंदरांची एक जात सापडली, जी खातच सुटायची, पोट भरलंय हे त्यांना कळायचंच नाही. डग्लस कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने असल्या उंदराचं रक्ताभिसरण चांगल्या उंदराला जोडून बघितलं, तर त्याचं खाणं कमी झालं! म्हणजे चांगल्या उंदराच्या रक्तात काहीतरी होतं जे याच्याकडे नव्हतं. ते काय, हे कळायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने तो जीन शोधून काढला आणि लक्षात आलं की हे हार्मोन कुठल्या ग्रंथीतून येत नाही, चरबीतूनच येतं. त्याला नाव दिलं लेप्टिन, ग्रीकमध्ये लेप्टॉस म्हणजे सडपातळ. तीनच वर्षांनी, १९९७ मध्ये, इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत भावंडं सापडली ज्यांच्या अंगात लेप्टिन तयारच होत नव्हतं, त्यातली मोठी मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. तिला लोक काय काय बोलले असतील, आईवडिलांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा विचार केला की पोटात कालवतं. नंतर लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर त्या मुलीची भूक आणि वजन दोन्ही खाली आलं.

म्हणजे कणगी बोलते. मेंदूला सांगते की धान्य आहे, नको आता. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं वेगळं दिसायला लागतं.

आता गरोदरपणात गंमत काय होते, तर लेप्टिन चरबीतून तर येतंच, पण वारही, म्हणजे प्लासेंटाही, ते बनवते. रक्तातलं लेप्टिन चांगलं चढतं. मग भूक कमी व्हायला पाहिजे ना? होत नाही. कारण त्या महिन्यांत मेंदू त्याचं ऐकेनासा होतो, निसर्गाने मुद्दाम केलेली सोय आहे ती, बाळासाठी साठा करून ठेवायचा असतो. त्यामुळे सातव्या महिन्यात रात्री दोन वाजता उठून डब्यातला चिवडा खाल्ला म्हणून स्वतःला हावरट म्हणू नकोस.

पण माझ्या मते आपल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या हार्मोनमध्ये आहे, अ‍ॅडिपोनेक्टिन. हेही चरबीतूनच येतं पण याचा स्वभाव उलटा. लेप्टिन चरबी वाढली की वाढतं, हे चरबी वाढली की कमी होतं. मेदपेशी लहान, निरोगी असतील तर भरपूर अ‍ॅडिपोनेक्टिन सोडतात, आणि ते लिव्हरला आणि स्नायूंना सांगतं की इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर पेशींत घ्यायला लावणाऱ्या हार्मोनचं, ऐका. पेशी फुगून गच्च झाल्या की हे आटतं, आणि सूज वाढवणारी रसायनं सुटायला लागतात. दिवस राहिल्यावर ते एरवीही थोडं उतरतं, आणि ज्या बायकांमध्ये पहिल्या तीन महिन्यांतच ते कमी असतं त्यांना पुढे शुगर होण्याची शक्यता जास्त असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये गोऱ्यांच्या तुलनेत ते मुळातच कमी असतं, वजन सारखं असलं तरी.

हे "वजन सारखं असलं तरी" फार महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी शेजारी उभे, पांढरे शर्ट घातलेले दोन डॉक्टर. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! काट्यावर दोघंही 'नॉर्मल'. मी हा फोटो नणंदेला तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅप केला, तर ती म्हणाली, "म्हणजे मी बारीक दिसते पण आतून नाही?" हो गं. तसंच. आपली कातडीखालची कणगी लहान असते, लवकर भरते, आणि मग जास्तीचं धान्य भलतीकडे सांडायला लागतं, लिव्हरमध्ये, पोटात आतड्यांभोवती, स्नायूंच्या आत. तुझ्या जाऊबाईंची कणगी मोठी असेल, सगळं नीट साठवत असेल. त्यांचं वजन जास्त म्हणून त्या आजारी आणि तू बारीक म्हणून तू निरोगी, हा हिशोबच चुकीचा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही वजनावरून कमी ऐकावं लागलं नसेल.

हे येतं कुठून? याज्ञिक सरांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांचं दिवस राहण्याआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण नीट मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळांचं पोट लहान, हातापायाचे स्नायू बारीक, आणि पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच टिकून. पुढे पुणे आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं तर आपल्याकडच्या बाळांत इन्सुलिन जास्त. जन्मतःच! म्हणजे स्नायू कमी आणि चरबी जास्त ही वाटणी आईच्या पोटातच होऊन जाते. मी स्वतः २ किलो ४०० ग्रॅमची जन्मले होते, आई अजून सांगते की कापसात ठेवलं होतं तुला. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या आंब्यांची माफी मिळाल्यासारखं वाटलं.

आता गरोदरपणात नेमकं काय होतं ते. बाळाला साखर लागते सतत, म्हणून वार असली हार्मोन्स सोडते की आईच्या स्नायूंनी इन्सुलिनचं थोडं कमी ऐकावं, साखर रक्तातच राहावी आणि बाळाकडे जावी. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं, आजार नाही तो. शेवटच्या तीन महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम साधारण निम्म्यावर येतो, आणि स्वादुपिंड तेवढं जास्त इन्सुलिन बनवून तोंडमिळवणी करतं. ज्यांच्याकडे आधीच अ‍ॅडिपोनेक्टिन कमी, स्नायू कमी, त्यांना ही तोंडमिळवणी जमत नाही आणि आकडा वर जातो. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ची रेघ ओलांडली की आपल्याकडे गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि त्याच्या अंगावर चरबी चढते. हे पहिल्यांदा मांडलं कोपनहेगनच्या पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी, १९५० च्या दशकात.

आणि योगायोग बघा, माझा आवडता भागही कोपनहेगनच्याच एका पेडरसन बाईंचा आहे. बेंटे पेडरसन. यांच्या टीमने दाखवलं की स्नायू काम करायला लागला की तोही हार्मोन्स सोडतो. २००३ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं मायोकाइन. त्यातलं पहिलं मोठं नाव आयएल-६, म्हणजे इंटरल्युकिन-६. याची गोष्ट मला फार आवडते. हेच आयएल-६ फुगलेल्या चरबीतून रोज थोडं थोडं झिरपत असेल तर सूज आणि इन्सुलिनची बेपर्वाई (म्हणजे पेशींनी इन्सुलिनचं न ऐकणं), दोन्हींशी त्याचं नाव जोडलं जातं. आणि हेच आकुंचन पावणाऱ्या स्नायूतून एकदम सुटलं, मॅरेथॉननंतर तर शंभर पटीपर्यंत चढलेलं सापडलंय, की तासा-दोन तासांत उतरतं आणि उलट सूज शमवणारी रसायनं वाढवून जातं. घरात दिवसभर कुरकुर करणारा माणूस आणि गरजेला एकदाच मोठ्याने हाक मारणारा माणूस, यांत फरक असतोच ना. पुढे २०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या लॅबने स्नायूतून येणारं आणखी एक हार्मोन, आयरिसिन, शोधलं, आयरिस म्हणजे ग्रीकांची निरोप पोचवणारी देवी, तिच्यावरून नाव. त्याच्यावर काही वर्षं मोठा वाद झाला की माणसाच्या रक्तात ते आहे तरी का, २०१५ मध्ये बारकाईने मोजून दाखवलं की आहे. पण त्याच्या नावाने कोणी गोळी-पावडर विकायला आलं तर घेऊ नका.

तुम्हाला पावडरची गरजच नाही. इन्सुलिनच्या हुकमावर रक्तातली जी साखर उचलली जाते तिच्यातला सगळ्यात मोठा वाटा, साधारण ७०-८० टक्के, स्नायू उचलतात. आणि चालणारा, काम करणारा स्नायू तर इन्सुलिनची वाटच बघत नाही, साखर आत घेणारी दारं तो स्वतःच उघडतो. सातव्या महिन्यातही. वारेचे हार्मोन्स कितीही अडवू देत.

हे मी ओट्यावर बघितलंय. ग्लुकोमीटर साखरेच्या डब्याशेजारी ठेवलेलं असायचं. एक दिवस एक वाटी पोहे खाल्ले, वर शेंगदाणे, आणि सोफ्यावर बसून राहिले. एका तासाने १५८. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीने तेवढेच पोहे, आणि शेवटचा घास गिळून लगेच गच्चीवर पंधरा मिनिटं चकरा, धुणं वाळत घातलेल्या दोऱ्यांमधून, हात पोटाखाली धरून. एका तासाने १२९. मी परत एकदा बोट टोचलं, मशीन चुकलं असेल म्हणून. १३१. त्या दिवशी मी गच्चीच्या जिन्यात बसून रडले पण ते वेगळं रडणं होतं.

आणि घरात काय चाललेलं, तर "दोन जिवांची आहेस, हलू नकोस, वाकू नकोस, जिना चढू नकोस". मला सासूबाईंचा राग नाही येत यावर, कारण त्यांच्या पिढीने गरोदर बायकांना विहिरीचं पाणी ओढताना आणि नवव्या महिन्यापर्यंत शेतात खुरपताना पाहिलंय. पुण्याजवळच्या त्याच गावांच्या अभ्यासात दिसलं होतं की ज्या बायकांना जास्त कष्टाची कामं करावी लागायची त्यांची बाळं लहान जन्मायची. त्यांच्यासाठी विश्रांती हेच औषध होतं, आजही ऊस तोडणाऱ्या गरोदर बाईला कोणी "चाल, व्यायाम कर" म्हणणं म्हणजे क्रूरपणा आहे. पण मी दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर, नणंद बँकेत काउंटरमागे, आमचे स्नायू आधीच झोपलेले, त्यांना अजून झोपवून कसं चालेल? वार खाली असेल, टाका घातलेला असेल, अंगावरून जात असेल, बीपी वाढलं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच, त्यात शहाणपणा करायचा नाही. तसं काही नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम चालणं-व्यायाम गरोदर बाईलाही सांगितलाय, जागतिक आरोग्य संघटनेने. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं दिवसातून तीनदा केलं तरी होतं ते.

खाण्याचं थोडक्यात. घाबरून जेवण अर्धं करू नकोस, ही चूक मी पहिले आठ दिवस केली आणि वजनच उतरायला लागलं, डॉक्टर रागावल्या. भात काढून टाकायचा नाही, वाटी लहान करायची आणि ताटात उसळ, घट्ट वरण, अंडं, पनीर, दही वाढवायचं, स्नायू बांधायला तेच लागतं. आणि तू शाकाहारी आहेस म्हणून सांगते, बी१२ तपासून घे, त्याच पुण्याच्या अभ्यासात आईचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनची बेपर्वाई जास्त दिसली होती. आणि हे सगळं करूनही आकडा ऐकला नाही आणि इन्सुलिन घ्यायला सांगितलं तर घे बिनधास्त. ते हरणं नाही. माझ्या एका मैत्रिणीने शेवटचे दोन महिने घेतलं, बाळ मस्त आहे.

आता जे मला कोणी सांगितलं नाही ते. बाळंत झाले, वार बाहेर आली, त्याबरोबर तिचे हार्मोन्सही गेले, आणि दोन दिवसांत माझी शुगर नॉर्मल. सगळे म्हणाले, चला सुटलीस. मग सव्वा महिना खोलीत, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. जिथे बाळंत झाले तिथे डिस्चार्जच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती, सहा आठवड्यांनी शुगर तपासणे. कोणी तोंडाने सांगितलं नाही, फोन केला नाही, बाळाच्या लसीच्या तारखा मात्र फ्रिजवर चिकटवून दिल्या. तो कागद फाइलमध्ये गेला आणि मी पाच वर्षं काहीही तपासलं नाही. पाच वर्षांनी ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ६.१. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मला अजून राग येतो, आईची तपासणी बाळाच्या लसीसारखी का नाही धरत आपण? गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बाकीच्यांच्या सात ते दहा पट असतो. तिने सहा ते बारा आठवड्यांत एकदा आणि मग दर वर्षा-दोन वर्षांनी तपासायलाच हवं. अंगावर पाजण्याचाही उपयोग होतो त्यात.

तेव्हापासून मी आठवड्यात तीनदा वजनं उचलते. सुरुवात पाण्याच्या दोन बाटल्यांनी केली, मग पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठबस, आता जिम. वजन काट्यावर फक्त एक किलोने हललंय पण कंबर सैल झाली आणि मागच्या महिन्यात एचबीए१सी ५.६ आलं.

नणंदेला सांगितलंय की सासूबाईंशी मी बोलते, जिना चढू देतील. आणि फाइलमध्ये नाही, बाळाच्या लसीच्या कार्डाच्या मागेच पेनाने लिहून ठेव, "आईची शुगर, सहावा आठवडा".

हे लिहिता लिहिता तिचा फोटो आला व्हॉट्सअ‍ॅपवर. रात्रीची ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी, नंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवऱ्याचा हात धरून चार फेऱ्या, आणि मीटरवर ११८.